कोंडी सुटते ती पार्किंगपासून

१९८४ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक व्हायचं होतं आणि शहराला सर्वांत मोठी धास्ती रस्त्यांची होती. एरवीच तुंबणाऱ्या फ्रीवेंवर पाहुण्यांच्या गाड्यांची भर पडली तर काय होणार? प्रशासनाने मोठ्या कंपन्यांना गाठलं. कामाच्या वेळा पुढेमागे करा, जमेल त्यांना सुट्ट्या द्या, एकमेकांच्या गाडीतून या, अशी विनंती केली. मालवाहतूकदारांना रात्री माल पोहोचवायला सांगितलं. खेळ सुरू झाले आणि रस्ते नेहमीपेक्षा मोकळे वाहू लागले. समारोपानंतर सगळे जुन्या वेळापत्रकावर परतले, तशी कोंडीही परतली. पण वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना एक मोलाचा धडा मिळाला होता. सकाळच्या गर्दीतला मोठा भाग ठरावीक फाटकांकडे निघालेला असतो, आणि फाटकाच्या आत घेतलेल्या निर्णयांचा परिणाम बाहेरच्या रस्त्यावर होतो.

एखाद्या कंपनीत पाच हजार माणसं आहेत असं धरू. सगळ्यांची हजेरी साडेनऊच्या आत. इमारतीखाली तीन मजली पार्किंग, तेही फुकट. जवळचा बसथांबा दीड किलोमीटरवर, मधल्या रस्त्याला फुटपाथ नाही. तिथे नऊच्या सुमारास वाहतूक अडकली की दोष खड्ड्यांना जातो, सिग्नलला जातो, वाहतूक पोलिसांना जातो. तो खोटा नसतो. पण वेळ कंपनीने ठरवली, जागा कंपनीने निवडली, पार्किंग कंपनीने बांधलं. मग त्या रांगेची थोडी तरी जबाबदारी कंपनीवर का नसावी? काही शहरांनी हा प्रश्न विचारला आणि त्यावर नियम केले. त्यांतले काही नियम फसले, काही टिकले. का फसले आणि का टिकले, हे पाहणं आपल्याकडच्या प्रत्येक आयटी पार्कसाठी आणि एमआयडीसीसाठी गरजेचं आहे.

पहिला मोठा प्रयोग लॉस एंजेलिसच्याच परिसरात झाला. त्यामागे काळजी होती ती धुराची. हवेच्या गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या तिथल्या प्रादेशिक मंडळाने डिसेंबर १९८७ मध्ये ‘नियम पंधरा’ मंजूर केला आणि १९८८ मध्ये तो अमलात आला. एका जागी शंभर किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाला तो लागू होता. हिशेब सोपा होता. सकाळी सहा ते दहा या वेळात कामावर येणारी माणसं मोजायची, त्यांच्या गाड्या मोजायच्या आणि माणसांना गाड्यांनी भागायचं. शंभर माणसं ऐंशी गाड्यांतून आली तर उत्तर १.२५. मध्यवर्ती भागात हा आकडा १.७५ वर न्यायचा होता, बहुतेक शहरी भागात १.५ वर आणि दूरच्या वस्त्यांत १.३ वर. बसने किंवा पायी येणारा माणूस वर धरला जाई, खाली त्याची गाडी नसे, म्हणून असा प्रत्येक माणूस हा आकडा वाढवी.

मंडळाने कंपन्यांकडून योजना मागवल्या. कंपन्यांनी समन्वयक नेमले, कारपूल करणाऱ्यांसाठी दाराजवळची जागा राखून ठेवली, बसच्या वेळा फलकावर लावल्या, बक्षिसांच्या सोडती काढल्या. जेनेव्हीव्ह जुलियानो, मार्टिन वॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारांहून अधिक कार्यस्थळांची पहिल्या वर्षाची माहिती तपासली, तेव्हा सरासरी १.२१३ वरून १.२४६ वर गेलेली आढळली. म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के वाढ, तीही बरीचशी कारपूलमुळे. यातली मेख अशी की दंड होता तो योजना न देण्याला किंवा कबूल केलेली योजना न राबवण्याला. लक्ष्य हुकलं म्हणून कुणालाही दंड होत नव्हता. आणि बहुतेक ठिकाणी ज्या फुकट पार्किंगमुळे लोक एकेकटे गाडीने येत होते, ते पार्किंग तसंच राहिलं.

तरीही या नियमाचं अनुकरण झालं. अमेरिकेच्या १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने सर्वाधिक प्रदूषित महानगरांतल्या मोठ्या मालकांवर असंच बंधन घातलं. उद्योगांनी खर्चाची आणि कटकटीची तक्रार लावून धरली आणि १९९५ च्या अखेरीस काँग्रेसने ती सक्ती ऐच्छिक केली. लॉस एंजेलिसमध्येही जुना नियम जाऊन नवा आला. त्याची मर्यादा २५० कर्मचाऱ्यांवर गेली आणि गाड्या कमी करण्याऐवजी इतर मार्गांनी प्रदूषण घटवण्याची, त्यासाठी पैसे भरण्याचीही मुभा मिळाली. हवेच्या दृष्टीने ते चालूनही जाईल. रस्त्यावरच्या रांगेला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

याच काळात, १९९१ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने केलेला कायदा अजून चालू आहे. हे राज्य अमेरिकेच्या वायव्य टोकाला आहे आणि सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड ही शहरं त्यातली. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान कामाला सुरुवात करणारे शंभर किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी एका जागी असतील तर मालकाला नियम लागू होतो. राज्याने फक्त चौकट दिली. स्थानिक अध्यादेश शहरांनी आणि काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, काढले. मालकाने प्रवास समन्वयक नेमायचा, कार्यक्रम आखून तो मंजूर करून घ्यायचा, दर दोन वर्षांनी कर्मचाऱ्यांना कसे येता हे विचारून उत्तरं शहराला द्यायची. इथेही लक्ष्य हुकल्याचा दंड नाही, प्रामाणिक प्रयत्न पुरतात. कागदावर हा कायदा कॅलिफोर्नियाच्या नियमापेक्षा मवाळच दिसतो.

तो टिकला याचं कारण भोवतीच्या व्यवस्थेत आहे. सिॲटलची किंग काउंटी १९७९ पासून व्हॅनपूल चालवते. गाडी काउंटीची, चालक कर्मचाऱ्यांपैकीच एक आणि खर्च सगळ्यांत वाटलेला. मालकांना सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकत्र बसपास घेता येतो. यातली एक सोय लहानशी आहे, पण माणसाचं मन ओळखून केलेली आहे. गाडी घरी ठेवून आलेल्या आईला दुपारी शाळेतून फोन आला की मुलाला ताप आहे, तर तिला टॅक्सीने घरी पोहोचवण्याची हमी आधीच दिलेली असते. ही हमी वापरण्याची वेळ क्वचितच येते, पण ती नसेल तर हजारो माणसं ‘वेळप्रसंग येतो’ म्हणून रोज गाडी काढतात.

२०१७ च्या पाहणीत सिॲटलच्या मध्यवर्ती भागात गर्दीच्या वेळी कामावर येणाऱ्यांपैकी एकट्याने गाडी चालवत येणारे होते फक्त चौथा हिस्सा, तर जवळपास निम्मे लोक बस किंवा रेल्वेने येत होते. याच दशकात ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी तिथे हजारो नव्या नोकऱ्या आणल्या होत्या. सगळं श्रेय नियमाला देणं चूक ठरेल. २०१४ मध्ये शहरातल्या मतदारांनी स्वतःवर कर लादून बसफेऱ्या वाढवून घेतल्या, २०१६ मध्ये लाइट रेल्वेचा मार्ग विद्यापीठापर्यंत पोहोचला. शेजारच्या रेडमंडला मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये स्वतःच्या कनेक्टर बस सुरू केल्या. पुण्या-मुंबईहून तिथे गेलेल्या मराठी इंजिनिअरांना कंपनीची बस नवी नव्हती. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को आणि बजाजच्या बसगाड्यांची वाट पाहत पहाटे नाक्यावर उभं राहणारी पहिली पाळी त्याच्या कितीतरी आधीची. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दारात रेल्वेचं स्थानकही उघडलं.

पार्किंगचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडला तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या डोनाल्ड शूप यांनी. त्यांचं म्हणणं असं, की मालक फुकट पार्किंग देतो तेव्हा तो गाडीने येणाऱ्याला छुपा पगार देतो, बसने येणाऱ्याला काहीच देत नाही. यावरचा उपाय कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायद्यात आणला. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेला मालक पार्किंग भाड्याने घेऊन फुकट देत असेल, तर ते नको असलेल्याला त्याची किंमत रोख द्यायची. शूप यांनी असं करणाऱ्या आठ मालकांकडच्या १,६९४ कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. एकट्याने गाडीतून येणारे ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले होते. कुणाची जागा काढून घेतली नव्हती, कुणावर सक्ती नव्हती. फक्त निवडीची किंमत दिसू लागली होती. ‘नियम पंधरा’च्या पावणेतीन टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवले की फरक लगेच लक्षात येतो.

सिॲटलमधल्या लहान मुलांच्या मोठ्या इस्पितळाने आणखी एक पाऊल टाकलं. पार्किंगचं शुल्क महिन्याऐवजी दिवसाला लावलं आणि एकट्याने गाडी न आणणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे दिले. मासिक पास काढलेला माणूस ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून रोज गाडी आणतो. दिवसाचा हिशेब असला की तो रोज सकाळी विचार करतो. तिथे एकट्याने गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश होतं, ते पुढच्या दीडेक दशकात चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं. इस्पितळ चोवीस तास चालतं, पाळ्या विचित्र असतात, तरीही हे घडलं.

सर्वांत कडक आणि माझ्या मते सर्वांत न्याय्य नियम कॅलिफोर्नियातल्या सान्ता क्लारा काउंटीने स्टॅनफर्ड विद्यापीठाला घातला. २००० मध्ये विद्यापीठाला वीस लाख चौरस फुटांहून अधिक नवं बांधकाम हवं होतं. काउंटीने परवानगी दिली, पण एका अटीवर: गर्दीच्या तासात ये-जा करणाऱ्या गाड्या आजच्यापेक्षा वाढता कामा नयेत. किती बस चालवा, किती सायकलतळ बांधा, यात काउंटी पडली नाही. तिने आवाराच्या सगळ्या प्रवेशद्वारांवर मोजणी सुरू केली आणि सकाळी आत येणाऱ्या व संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या गाड्यांची पायाभूत संख्या ठरवली. ती ओलांडली तर आजूबाजूचे चौक सुधारण्यासाठी विद्यापीठाने पैसे भरायचे. मग विद्यापीठाने पार्किंगला दाम लावला, गाडी न आणणाऱ्यांना रोख रक्कम दिली, कर्मचाऱ्यांना रेल्वेचा पास दिला, मोफत शटल वाढवल्या. एकट्याने गाडीतून येणारे कर्मचारी सुरुवातीला सत्तर टक्क्यांच्या आसपास होते, ते दीड दशकात पन्नास टक्क्यांच्या आसपास आले. आवार मात्र वाढतच राहिलं.

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम थेट करावर गेलं. २०१२ पासून तिथे अकरा किंवा त्याहून अधिक कर्मचारी-पार्किंगच्या जागा असलेल्या मालकाला प्रत्येक जागेमागे वार्षिक कर द्यावा लागतो. सुरुवातीला तो २८८ पौंड होता, आता पाचशेच्या पुढे आहे. पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन आहे. त्यातून ट्रामच्या दुसऱ्या टप्प्याला हातभार लागला आणि तो टप्पा २०१५ मध्ये सुरू झाला. कर घेतला आणि त्याच्या बदल्यात ट्राम दिसली, म्हणून तो टिकला.

कराचा भार मालकाने कर्मचाऱ्यांवर ढकलला तर सर्वांत जास्त झळ कमी पगारवाल्यांना बसते, हा आक्षेप खरा आहे. घरभाडं परवडत नाही म्हणून दूर राहणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याला, सुरक्षारक्षकाला, पाळीने काम करणाऱ्या परिचारिकेला पहाटे पाचला बस मिळत नसेल तर पार्किंगचं शुल्क अन्याय ठरतं. बहुतेक नियम सकाळच्या ठरावीक तासांपुरते असतात आणि कंत्राटी माणसं मोजणीत नीट येत नाहीत, ही उणीवही मोठी आहे.

पुण्याजवळच्या हिंजवडीकडे या अनुभवांतून पाहावं. तिथला राजीव गांधी आयटी पार्क एमआयडीसीने वसवला. भोवती ग्रामपंचायती आहेत, पीएमआरडीए आहे, पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका आहे. वाकडच्या पुलापासून शिवाजी चौकापर्यंत अडकलेल्या माणसाला आपण नेमके कुणाच्या हद्दीत उभे आहोत हे सांगता येत नाही. माण ते शिवाजीनगर हा तेवीस किलोमीटरचा मेट्रो मार्ग याच गर्दीसाठी आखला गेला. पण स्थानकापासून ऑफिसचं फाटक दूर असेल आणि फाटकाच्या आत पार्किंग फुकट असेल, तर मेट्रोचे निम्मे प्रवासी तिथेच गळतील. राज्याची एकत्रित विकास नियमावली आजही कार्यालयांना किमान इतकं पार्किंग बांधाच असं सांगते. स्टॅनफर्डला घातलेल्या अटीच्या ही अगदी उलट दिशा आहे.

कामावर येण्या-जाण्याची जबाबदारी मालकावर टाकणं महाराष्ट्राला परकं नाही. रात्रपाळीला येणाऱ्या स्त्रियांना घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था करण्याचं बंधन २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने घातलेलंच आहे. ते सुरक्षेसाठी आहे आणि ते योग्यच आहे. हेच तत्त्व दिवसाच्या पाळीला लावायचं तर मोजणीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिची साधनं कंपन्यांकडे आधीच आहेत. प्रत्येक फाटकावर ओळखपत्राची नोंद होते, प्रत्येक गाडीला स्टिकर असतं, कॅबचे मार्ग संगणकात असतात. ही माहिती एमआयडीसीने दरवर्षी मागवावी आणि फाटकनिहाय आकडे जाहीर करावेत. मग नवी इमारत किंवा वाढीव एफएसआय मागणाऱ्या कंपनीच्या परवानगीपत्रात गर्दीच्या तासातल्या गाड्यांची कमाल संख्या लिहावी, आणि ती ओलांडल्यास भरायची रक्कमही त्याच कागदावर असावी. बस की कारपूल, वेळा बदलायच्या की घरून काम, हे कंपनीने ठरवावं.