माहेरासाठी रस्त्यावर

२०२३ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. लेकीच्या बाळंतपणासाठी मी लंडनला गेले होते. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, सगळं बॅगेत कोंबून नेलेलं. नात महिन्याची झाली तसे जावई म्हणाले, "आई, घरात बसून कंटाळलात. आज मला सुट्टी आहे. चला, तुम्हाला पार्लमेंट दाखवतो."

पार्लमेंट राहिलं बाजूला. तिथले पंतप्रधान राहतात त्या डाउनिंग स्ट्रीटच्या तोंडाशीच आम्ही अडकलो. पोलिसांचे कठडे, शिट्ट्या, ढोल आणि ही गर्दी! सगळ्यांच्या हातात निळे-पांढरे झेंडे, मधोमध सहा टोकांचा तारा. मी थबकलेच. अहो, हा तारा मी लहानपणापासून ओळखते!

माझं माहेर अलिबागचं. इस्राएल आळी आमच्या घरापासून चार पावलांवर. तिथल्या सिनेगॉगला सगळे 'मशीद'च म्हणायचे. बेने इस्राएल लोकांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कथा आम्ही जिजाबाईंच्या गोष्टीइतक्याच वेळा ऐकलेली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ते 'शनवार तेली'. आडनावं आपल्यासारखीच, पेणकर, दिवेकर, रोहेकर. माझी बालमैत्रीण त्यांच्यातलीच. तिच्या घरच्या मलिद्याचे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे अजून जिभेवर आहेत. लग्नानंतर ती इस्रायलला गेली, अशदोद गावी.

तर त्या दिवशी, २४ मार्चला, इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू लंडनला आले होते आणि ही माणसं त्यांच्याविरुद्ध ओरडत होती. "बुशा! बुशा!" म्हणजे शरम करा. मला कळेचना. झेंडा इस्रायलचा, आणि ओरडतात इस्रायलच्याच पंतप्रधानांवर?

शेजारी माझ्याच वयाची एक बाई झेंडा पांघरून उभी होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तिथल्या का?" ती म्हणाली, "नाही, मी इथलीच. जन्म इथला. पण बहीण तिथे आहे, भाचरं तिथे आहेत." मग तिने मला समजावून सांगितलं. नंतर जावयांकडून आणि पेपरांतून बाकीचं समजून घेतलं.

इस्रायलला आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही. संसदेचं सभागृह एकच, १२० खासदारांचं. ज्याच्याकडे बहुमत, त्याच्याच हाती सरकार आणि कायदे दोन्ही. मग लगाम घालायला उरलं कोण? सुप्रीम कोर्ट. जानेवारी २०२३ मध्ये न्यायमंत्री यारिव लेविन यांनी कोर्टाचे अधिकार कमी करायची योजना जाहीर केली. न्यायाधीश नेमण्यात सरकारचा वरचष्मा आणि कोर्टाने रद्द केलेला कायदा संसदेला पुन्हा लागू करता यावा, अशी ती योजना. तेव्हापासून दर शनिवारी रात्री तेल अवीवच्या कापलान रस्त्यावर प्रचंड मोर्चे निघू लागले. आणि न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन, सिडनी इथेही लोक जमू लागले. अमेरिकेत 'अनएक्सेप्टेबल' नावाचा एक गट तर सॅन फ्रान्सिस्को भागात राहणाऱ्या इस्रायली लोकांनी २०२० पासूनच चालवला होता.

यात बायका एवढ्या पुढे का, हे मला नंतर उमगलं. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं आणि काडीमोड धर्मपीठाच्याच हातात. तिथले न्यायाधीश सगळे पुरुष. नवऱ्याने आपल्या मर्जीने काडीमोडाचा कागद दिल्याशिवाय बाई सुटत नाही. वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या बायका आहेत. धर्मपीठाच्या कोर्टांचे अधिकार आणखी वाढवायचे प्रस्तावही त्याच वेळी पुढे आलेले. उलट १९९५ मध्ये अॅलिस मिलर नावाच्या तरुणीसाठी हवाई दलाच्या वैमानिक प्रशिक्षणाचं दार उघडलं ते सुप्रीम कोर्टाने. म्हणून तर तिथल्या बायका मार्गारेट अॅटवूड यांच्या कादंबरीतल्या दासींसारखे लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून, माना खाली घालून रांगेने चालत. टीव्हीवर ते पाहताना अंगावर काटा आला.

पण मैत्रिणींनो, माझ्या मनात राहिला तो वेगळाच प्रश्न. परदेशात राहणाऱ्या इस्रायली नागरिकाला, वकिलातीतले वगैरे थोडे सोडले तर, तिथून मत देता येत नाही. आणि ती झेंडेवाली बाई तर नागरिकही नव्हती. १९५० च्या कायद्याने कुठल्याही ज्यूला तिथे जाऊन राहायचा हक्क आहे. म्हणजे दार उघडं, पण घरच्या कारभारात तोंड घालायचं नाही. हे कुठेतरी ओळखीचं वाटतंय नं? अगदी आपलं माहेर!

त्या रात्री मैत्रिणीला फोन लावला. मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. ती उसळलीच. "त्यांना काय जातंय गं लंडनात बसून ओरडायला? सायरन वाजला की जिन्याखाली आम्ही धावतो. पोरं सैन्यात आमची जातात. आणि कोर्टातले जज्ज कोण? सगळे युरोपातून आलेल्या बड्या घरांतले. आमच्यासारख्या काळ्यासावळ्यांना कधी विचारलंय त्यांनी? आम्ही मत दिलं ते सरकार आलं, मग त्याला काम करू द्या की!"

मी गप्प झाले. तिचंही खरंच होतं. तेवढ्यात मागून तिच्या मावशीचा आवाज आला, "दे गं फोन इकडे." मावशी ऐंशीच्या पुढच्या. १९६० च्या सुमारास आईवडिलांबरोबर तिकडे गेलेल्या.

"हिला सांग," मावशी म्हणाल्या, "माझं लग्न कसं अडलं होतं ते." १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयाने फर्मान काढलं होतं. बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंत चौकशी करा, ते खरे ज्यू आहेत का बघा. "आता कोकणातल्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? ठरलेलं लग्न, आणि हा अपमान. मग आमची माणसं जेरुसलेमला जाऊन रस्त्यात बसली. गांधींच्या देशातून आलो होतो नं आम्ही! १९६४ च्या ऑगस्टमध्ये संसदेत चर्चा झाली, सरकारला सांगावं लागलं की हे सगळ्या अर्थांनी ज्यू आहेत. तेव्हा जे कोणी आमच्या बाजूने बोलले, त्यांना मी विचारलं नाही, तुम्ही कुठे राहता म्हणून."

एका घरातल्या या दोघी. एक सरकारच्या बाजूची, दुसरी मोर्चाच्या. संध्याकाळी जेवायला मात्र एकाच टेबलावर.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. त्या मार्चमध्येच योजना थांबवा म्हणणाऱ्या संरक्षणमंत्र्यांना पंतप्रधानांनी काढायचं जाहीर केलं, रातोरात लोक रस्त्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी योजना थांबली. तरी जुलैत तिचा एक भाग ६४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, विरोधक बाहेर निघून गेलेले. मग ७ ऑक्टोबरला हमासचा हल्ला झाला, सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेजण ओलीस गेले. आणि नंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो आयाबाया, लेकरं गेली. मोर्चात अगदी सुरुवातीपासून काहीजण फलक धरत, 'दुसऱ्यांवर ताबा आणि लोकशाही एकत्र नांदत नाहीत.' तेव्हा फार कमी लोक त्यांच्याकडे बघत होते. १ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने जुलैचा तो कायदा ८ विरुद्ध ७ मतांनी रद्द केला. एका मताने! पण मार्च २०२५ मध्ये न्यायाधीश निवडीची पद्धत बदलणारा कायदा संसदेने केलाच, पुढच्या निवडणुकीनंतर लागू होणारा. म्हणजे ओरडून सगळं मिळालं, असंही नाही.

मला मात्र ती झेंडेवाली बाई विसरता येत नाही. निघताना मी तिला विचारलं होतं, "तिथले लोक रागावत नाहीत, तुम्हाला काय करायचंय म्हणून?" ती म्हणाली, "रागावतात नं. बहीणच रागावते. पण घर आवडतं म्हणूनच बोलते. परकं असतं तर कशाला आले असते?"

वडील गेल्यावर अलिबागचं घर भावांनी विकायला काढलं, तेव्हा आईला ते नको होतं. कागदावर सही करताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. दिल्या घरच्या लेकीने कशाला बोलायचं, असं स्वतःला समजावलं. कदाचित बोलूनही घर गेलंच असतं. पण आई आणखी सहा वर्षं होती आणि त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही.

आता मावशींचा फोन आला की भांडण ऐकायची तयारी ठेवूनच मी तो उचलते. मागून मैत्रीण ओरडत असते, "तिला सांगू नकोस काही!" मावशी सांगतातच.