तारे मोजून पोट भरतं का?

श्रोतेहो, मी बी. ए. झालेला कवी. चंद्र-तारे आम्हा कवींच्या रोजच्या वापरातले, पण त्यांच्यावर चूल पेटत नाही हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून भाची जेव्हा म्हणाली, "मामू, मला खगोलशास्त्र शिकायचंय," तेव्हा तिच्या अब्बांनी विचारलेला पहिला प्रश्न मला रास्तच वाटला : पगार किती?

उत्तर टप्प्याटप्प्यानं द्यावं लागतं. आपल्याकडे ही वाट बहुधा भौतिकशास्त्रातून जाते. बी. एस्सी., एम. एस्सी. होईपर्यंतची पाचेक वर्षं घरच्या खर्चाची. पुढे नेट, गेट किंवा जेस्ट देऊन पीएच. डी.ला प्रवेश. पहिला पैसा इथे हाती येतो. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते, घरभाडं वेगळं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या मुदतीचं संशोधन, अनेकदा परदेशात. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये, वर भत्ते. पगार वाईट नाही. कायम जागा थोड्या आहेत, आणि तिथवर पोचेतो तिशी उलटते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तर तास झाला तरच पैसे.

मग हे शिक्षण वाया जातं का? नाही. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या चालवायला इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रकाम आणि संगणक जाणणारी माणसं लागतात. हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे लेसर आणि निर्वात नळ्यांचं काम आहे. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणांची मात्रा ठरवायला भौतिकतज्ज्ञ लागतो, एम. एस्सी.नंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याची पदविका मिळते. आकडेमोड आणि प्रोग्रॅमिंग पक्कं असलेल्यांना बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्याही घेतात.

तेव्हा पालकांनो, पोरांना अडवू नका. हिशेब मात्र आधीच मांडा. तिशीपर्यंत घर कळ काढू शकेल का, हे मोकळेपणानं बोला. आणि पहिल्या वर्षापासून ताऱ्यांच्या जोडीला हाताला एक कसब लागू द्या. आभाळात जागा मिळाली नाही, तर तेच कसब जमिनीवर भाकरी देईल.