तयार कानांची अठरा वर्षं
संगीत आणि मेंदू या विषयाचा बोलबाला झाला तो १९९३च्या ‘मोझार्ट इफेक्ट’मुळे. १० मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर कॉलेजातल्या मुलांची एका प्रकारच्या चाचणीतली कामगिरी थोडा वेळ सुधारली, एवढंच त्या प्रयोगात होतं. तरी १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीत वाटायला सरकारी पैसा मागितला. ते वेड ओसरलं. खरं काम पुढे झालं, नुसत्या ऐकण्यावर नव्हे तर शिकण्यावर.

२००७चा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला प्रयोग मला त्यातला सगळ्यात देखणा वाटतो. मँडरिनमध्ये ‘मि’ सपाट सुरात म्हटलं की डोळे किलकिले करणं, सूर चढवला की गोंधळणं, खाली नेऊन वर आणला की तांदूळ. पॅट्रिक वाँग, नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी ही भाषा अजिबात न येणाऱ्या २० जणांना हे तीन ‘मि’ ऐकवले आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून ब्रेनस्टेमचे, म्हणजे मेंदूच्या बुंध्याचे, विद्युत् तरंग टिपले. कानात शिरलेल्या सुराचा चढउतार त्या तरंगांतही उमटतो. वर्षानुवर्षं संगीत शिकलेल्या १० जणांत तो अधिक नेमका उमटला, आणि सर्वांत ठळक फरक होता तांदळाच्या त्या वळणदार सुरात.

२०१४मध्ये क्राउस यांच्या गटाने लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना मोफत संगीत शिकवणाऱ्या ‘हार्मनी प्रोजेक्ट’मधली मुलं तपासली. वर्षभरात फरक दिसला नाही. दोन वर्षांनी मात्र उच्चारांना मिळणारा मेंदूचा प्रतिसाद सुधारलेला होता. रियाजावर श्रद्धा असलेल्या माणसाला हे लगेच पटतं. नेमकं म्हणूनच ते पुन्हापुन्हा तपासून घ्यायला हवं होतं.

ते झालं. गोंगाटातलं बोलणं संगीत शिकलेल्यांना चांगलं कळतं, हा २००९चा निष्कर्ष इतर प्रयोगशाळांत कधी टिकला, कधी नाही. २०२५मध्ये तर मोठाच धक्का बसला. सहा विद्यापीठांनी पद्धत आधी जाहीर करून २६०हून अधिक जणांवर हे प्रयोग नव्याने केले. ब्रेनस्टेमच्या त्या तरंगांचा संगीतशिक्षणाशी काहीच संबंध दिसला नाही. जुन्या प्रयोगांत माणसं फार थोडी होती. शिवाय आधीपासूनच कान तीक्ष्ण असलेली मुलंच संगीतात टिकतात का, हाही प्रश्न तसाच राहिला होता.

त्या प्रश्नाला भिडणारी आखणी मला २००९च्या पोर्तुगालमधल्या कामात दिसते. आठ वर्षांच्या ३२ मुलांपैकी काहींना सहा महिने संगीत शिकवलं, काहींना चित्रकला. बोलण्यातले बारीक स्वरभेद ओळखण्यात संगीताची मुलं पुढे गेली. आता हेच शेकडो मुलांवर, काही वर्षं चालवून बघायला हवं.