‘सीन’ करायला शिका!

चारचौघांत तमाशा नको म्हणून आपण गप्प बसतो आणि त्रास देणारा नेमका त्याच भरवशावर असतो. स्वसंरक्षण म्हणजे फक्त किक आणि पंच नव्हे. त्याची सुरुवात संकोच सोडण्यापासून होते.

सकाळी साडेआठची बस. पाय ठेवायला जागा नाही. मागून कोणाचा तरी धक्का लागतो. गर्दीच एवढी आहे म्हणून तुम्ही जरा पुढे सरकता. धक्काही पुढे सरकतो. आता काय चाललंय हे तुम्हाला कळलेलं असतं, पण डोक्यात वेगळंच सुरू होतं. ‘चुकून लागला असेल तर? ओरडले तर सगळे माझ्याकडेच बघतील. उगाच सीन कशाला?’ तेवढ्यात स्टॉप येतो, तो उतरून जातो. आणि तुमचं दिवसभर डोकं भणभणत राहतं, की तेव्हाच बोलायला हवं होतं!

घरी सांगायचीही चोरी. कारण सांगितलं तर तो माणूस सुटतो आणि तुमचा संध्याकाळचा क्लास बंद होतो. म्हणून गप्प बसायची सवय लागते.

आठ मार्च जवळ आला की कॉलेजात स्वसंरक्षणाचं एक दिवसाचं शिबिर होतं. ट्रॅकपँट घालून किक मारायच्या, ग्रुप फोटो काढायचा, सर्टिफिकेट घ्यायचं. वाईट काहीच नाही त्यात. पण पाठीवर सॅक, एक हात वरच्या दांड्याला आणि चहूबाजूंनी माणसं, अशा बसमध्ये ती किक मारणार कशी? तिथे उपयोगाला येतात ती वेगळीच कौशल्यं. ती मुलींनी शिकायची आहेत, तशीच मुलांनीही.

पोटात गोळा आला? मग ऐका त्याचं

‘काहीतरी गडबड आहे’ असं वाटणं हा भित्रेपणा नाही. डोळ्यांनी, कानांनी टिपलेल्या बारीकसारीक गोष्टींचा तो हिशेब असतो. आपण तो ‘उगाच वाटतंय’ म्हणून खोडून टाकतो, हीच अडचण आहे.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी त्यात होत्या. साधारण निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरानंतर बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. या प्रशिक्षणात शारीरिक प्रतिकार होताच. पण त्याआधी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. धोक्याची चिन्हं ओळखायची कशी, आणि ‘समोरच्याला वाईट वाटेल’ हा मनातला अडसर बाजूला सारायचा कसा. ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सगळ्यांत जड जातं, म्हणून तिथे जास्त भर होता. आपल्याकडेही नोंदवलेल्या बलात्कारांपैकी दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आलेत.

रस्त्यावर संशय आला तर तो तपासून बघता येतो. चालण्याचा वेग कमी करा, रस्ता ओलांडा, बसमध्ये जागा बदला. तोही तसंच करत असेल, तर तो योगायोग नाही. मग थेट घराच्या गल्लीत वळू नका. मेडिकल, किराणा दुकान, रसवंती, जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथे आत शिरा आणि सरळ सांगा, ‘तो माणूस माझ्या मागे येतोय, मी जरा इथे थांबते.’ संध्याकाळी रिकाम्या रस्त्याने चालताना एक इअरबड काढून ठेवा. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज वेळेत कळला, तर हातात चार सेकंद जास्त मिळतात.

आणि हो, धोका दरवेळी गुंडाच्या वेशात येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात पहाटे गावी निघालेल्या तरुणीला एका माणसाने गोड बोलून, ‘तुमची बस तिकडे लागलीय’ असं सांगून उभ्या असलेल्या शिवशाहीत नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. यात तिची काहीही चूक नव्हती. गर्दीच्या स्थानकात कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. आपण एवढंच ठरवू शकतो की गाडीची माहिती चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहक-चालकाकडेच विचारायची. अंधारी, रिकामी गाडी दिसली तर दारातूनच मागे फिरायचं. समोरच्याला राग आला तर येऊ दे.

‘अहो, मी तुम्हाला ओळखत नाही!’

त्रास देणाऱ्याला भांडण नको असतं, त्याला गप्प बसणारं माणूस हवं असतं. म्हणून आवाज हे पहिलं हत्यार. पण ओरडायचं काय?

वाद घालू नका, कारणं देऊ नका. छोटी, स्पष्ट आज्ञा द्या. ‘हात काढा!’ ‘मागे सरका!’ तो काय करतोय हे मोठ्याने सांगा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. ‘निळा शर्ट घातलेला हा माणूस मला हात लावतोय!’ ‘चुकून लागला’ असं तो म्हणाला, तरी हरकत नाही. ‘ठीक आहे, आता लांब उभे राहा.’ विषय संपला. चुकून लागला असेल तर तो माणूस बाजूला होईलच.

आणखी एक युक्ती. रागात ‘ए, तू’ तोंडात येतं, पण ‘अहो-जाहो’ करणं जास्त फायद्याचं. ‘ए, सोड मला’ ऐकलं की आजूबाजूच्यांना वाटतं, यांचं आपसातलं भांडण असेल. ‘अहो, मी तुम्हाला ओळखत नाही, दूर व्हा’ म्हटलं की परका माणूस त्रास देतोय, हे एका वाक्यात कळतं.

मदतही नाव घेतल्यासारखी मागा. ‘कोणीतरी वाचवा’ म्हटलं, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी जाईल. ‘चष्मेवाले काका, ११२ ला फोन लावा. हिरव्या साडीतल्या मावशी, माझ्याजवळ उभ्या राहा.’ असं बोट दाखवून सांगितलं की त्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं.

हात उचलायची वेळ आली तर

इथे एकच गोष्ट पक्की ठेवा. जिंकायचं नाहीये, सुटायचंय. मनगट पकडलं तर मागे ओढत बसू नका. पकडीत सगळ्यांत कच्ची बाजू अंगठ्याची असते, त्या दिशेने हात वळवून झटक्यात बाहेर काढा. मागून धरलं तर टाचेने त्याच्या पावलावर जोरात, कोपर मागे बरगड्यांत. समोरून असेल तर तळहाताच्या मनगटाकडच्या कडक भागाने नाकावर, गुडघ्याने जांघेत. मूठ वळून मारण्याचा सराव नसेल, तर आपलीच बोटं दुखावतात. पकड सुटली की पळा, माणसांच्या दिशेने. हे वाचून येत नाही. महिनाभर आठवड्यातून दोनदा सराव केला, तर अंगात मुरतं. पेपर स्प्रेचंही तेच. सॅकच्या तळाशी, डबा आणि जर्नलच्या खाली पडलेला स्प्रे असून नसल्यासारखा. आणि वारा आपल्या दिशेने असेल तर डोळे आपलेच चुरचुरणार.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही बचावाचा अधिकार देतात. अट एवढीच, की बचावाला लागेल तेवढाच मार. तो खाली पडल्यावर किंवा पळून जाऊ लागल्यावर हाणत राहणं बचावात बसत नाही.

वस्तूसाठी मात्र जीव पणाला लावू नका. मुलांनो, हे खास तुमच्यासाठी. लोकलच्या दारात फोन घेऊन उभं राहणाऱ्यांवर रुळांलगत दबा धरून बसलेली ‘फटका गँग’ टपलेली असते. हातावर काठी बसते, फोन खाली पडतो आणि त्यामागे उडी मारणाऱ्याच्या पायाचं, कधी जिवाचं मोल जातं. फोन गेला तर जाऊ दे. कोणी चाकू दाखवून पाकीट मागितलं, तर देऊन टाकणं यात कसलाच कमीपणा नाही.

आणि समजा, यातलं काहीच जमलं नाही तर? आवाज फुटला नाही, हातपाय हललेच नाहीत? भीतीच्या टोकाला शरीर गोठतं, भल्याभल्यांचं गोठतं. स्वारगेटच्या घटनेनंतर ‘ती ओरडली का नाही’ असं विचारणारे कमी नव्हते. तो प्रश्नच चुकीचा आहे. गोठणं म्हणजे संमती नाही आणि कमकुवतपणाही नाही. मैत्रिणीने असं काही सांगितलं, तर ‘मग तू काय केलंस?’ असं विचारू नका. ‘मी आहे तुझ्यासोबत’ म्हणा.

तुम्ही बघे असाल तेव्हा

आपल्यावर वेळ येते त्यापेक्षा जास्त वेळा आपण दुसऱ्यावर आलेली बघतो. २०११ मध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोलीत मैत्रिणींच्या छेडछाडीला विरोध करणाऱ्या दोन तरुणांवर भर रस्त्यात हल्ला झाला, त्यांचा जीव गेला. माणसं आजूबाजूला होती. उलट जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन मागे लागलेल्या तरुणापासून एका मुलीला वाचवलं, ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी.

प्रत्येकाने कोयत्यासमोर उभं राहावं, असं कोणी म्हणणार नाही. ‘राइट टू बी’ ही न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेली संस्था (आधीचं नाव ‘हॉलाबॅक’) बघ्यांना पाच मार्ग शिकवते. त्यातला थेट भिडण्याचा फक्त एक. बाकीचे चार असे:

लक्ष दुसरीकडे वळवा. मुलीजवळ जाऊन ‘अगं, तू इथे? किती दिवसांनी भेटतेस!’ म्हणा. त्या माणसाकडे बघायचंही नाही. निम्मा डाव तिथेच मोडतो.

दुसऱ्याची मदत घ्या. कंडक्टर, सुरक्षारक्षक, पोलिस, शेजारी उभे असलेले चार जण.

नोंद ठेवा. व्हिडिओ काढा, पण तो तिच्या हवाली करा. स्टेटसला टाकू नका. तो पुरावा आहे, रील नव्हे.

नंतर विचारा. ‘तू ठीक आहेस ना? घरापर्यंत सोबत येऊ?’ कधीकधी एवढंच खूप असतं.

तक्रार कुठे करायची?

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परतू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. तिला आपण ‘झिरो एफआयआर’ म्हणतो. लैंगिक गुन्ह्यांत तरुणीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा.

आजच सेव्ह करा

११२ : पोलिस, रुग्णवाहिका, अग्निशमन, कोणतीही तातडीची मदत
१३९ : रेल्वे प्रवासात
१८१ : महिलांसाठी हेल्पलाइन

फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी एसओएस’ शोधा. बटण किती वेळा दाबायचं ते बघून ठेवा आणि त्यात दोन जवळच्या माणसांचे नंबर टाका.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, त्यापेक्षा सातच्या आत घरात या. पण लायब्ररी, रिहर्सल, नोकरी, कट्ट्यावरचा चहा हे सगळं सातनंतरही असतं आणि ते तुमच्या हक्काचं आहे. ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं. काही कामाशिवाय, नुसतं रेंगाळण्याचा हक्कही बायकांना हवा. रस्त्यावर बायका जितक्या जास्त दिसतील, तितका तो रस्ता सगळ्यांसाठी सुरक्षित होतो. घरात बसून तो कधीच होणार नाही.

तेव्हा या रविवारी एक करा. तीन-चार जण गच्चीवर किंवा ग्राउंडवर जमा. एकाने पुढे चालत यायचं, दुसऱ्याने हात समोर धरून पोटातून आवाज काढायचा, ‘मागे सरका!’ प्रत्येकाने दहा वेळा. पहिल्यांदा हसू येईल, आवाज चिरकेल, शेजारच्या गच्चीवरून कोणी डोकावेलही. डोकावू दे. खरी वेळ येईल तेव्हा तो आवाज घशाशी तयार हवा.