रिकाम्या गळाचीही नोंद हवी

पवना धरणाच्या काठावर दोघे मित्र पहाटेपासून तीन तास ल्युअर, म्हणजे बनावट आमिष, फेकत राहिले आणि एकही मासा लागला नाही, तर ती सकाळ फुकट गेली असेच सगळे म्हणतील. विज्ञान तसे म्हणणार नाही. दोन माणसे आणि तीन तास म्हणजे सहा तासांचे प्रयत्न, मासे शून्य. ही नोंद तारखेसह लिहून ठेवली, तर मावळातल्या जलाशयांचा इतिहास सांगणारा तो एक पुरावा ठरतो. हौशी मासेमारांनी अशा नोंदी ठेवल्याच पाहिजेत, कारण त्यांचे मोल कावेरीने दाखवून दिले आहे, आणि त्या कहाणीचा एक धागा लोणावळ्यातूनच निघतो.

कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या नदीतील ज्या महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तो ‘टॉर खुद्री’ या भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातलाच. लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. घटत्या माशाला वाचवण्याचा तो मोलाचा प्रयत्न होता. पुढे तिथली बोटुकली इतर राज्यांतही गेली आणि हा मासा कावेरीत पोचला. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला ‘टॉर रेमादेवी’. गळाने पकडून पुन्हा सोडून देणाऱ्यांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांत 23 हजारांहून अधिक तासांचे प्रयत्न आणि सहा हजारांहून अधिक मासे होते. बाहेरून आलेला महाशीर वाढत गेला आणि मूळचा दुर्मीळ होत गेला, हे त्यांतून उघड झाले. 2018 मध्ये मूळच्या माशाचा समावेश अतिसंकटग्रस्त यादीत झाला. नुसती माशांची एकूण संख्या पाहणाऱ्याला ही अदलाबदल कळलीच नसती.

यावर रास्त आक्षेप असा, की ल्युअर सर्व माशांचा नमुना देत नाही. पाण्यात फिरकी या ल्युअरचे पाते गरगरते, त्याचे कंप मरळीसारखा शिकारी मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने टिपतो आणि झडप घालतो. शेवाळ खरवडणारा मासा तिकडे फिरकतही नाही. शिवाय मासे शिकतात. नेदरलँड्समध्ये पाइक माशांवर झालेल्या आणि 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, एकदा फिरकीला फसलेले मासे पुढे तिला टाळू लागले. जिवंत आमिषाला मात्र फसत राहिले. म्हणजे गळ रिकामा राहिला याचा अर्थ पाणी रिकामे आहे, असा होत नाही. हे खरेच आहे. म्हणून एका सकाळीवरून निष्कर्ष काढू नये. तीच जागा, तोच हंगाम आणि तेच आमिष ठेवून वर्षानुवर्षे तुलना करावी. मोजमापातला दोष दर वर्षी सारखाच राहिला, तर चढउतार तरीही दिसतो. जोडीला कोळ्यांच्या जाळ्यांतील मासळीची पाहणी हवी.

दुसरा आक्षेप माशाला होणाऱ्या इजेचा. ती इजा पूर्ण टाळता येणार नाही, पण कमी नक्कीच करता येते: काटा बिनअडीचा असावा, मासा ओल्या हातांनी धरावा आणि पाण्याबाहेर क्षणभरच ठेवावा. परवानगीशिवाय गळ टाकूच नये. आणि वहीत जात, लांबी, वेळ, पाण्याची पातळी यांच्याबरोबर शून्यही लिहावे. फक्त लागलेले मासे लिहिणारी वही माशांची घट लपवते.