पाच सेकंदांत किती मीटर?

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात वेग, वेळ आणि अंतर यांची उदाहरणे चालली होती. पुस्तकातली आगगाडी नेहमीप्रमाणे बोगद्यातून जात होती आणि मुले नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी टेप घेऊन सगळ्यांना मैदानावर नेले. फाटकाजवळ चुन्याची रेघ मारली आणि सांगितले, "ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर पाच सेकंदांत जिथे पोहोचेल असे वाटते, तिथे जाऊन उभे राहा."

बहुतेक मुले पंधरा-वीस पावलांवर थांबली. दोघे-तिघे धीट निघाले, तेही मैदानाच्या मध्यापर्यंतच गेले. मग हिशेब केला. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटरहून थोडे अधिक, म्हणजे पाच सेकंदांत ५५ मीटर. टेप धरून मोजत गेलो तो पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचलो. एका मुलाला डोळे मिटून तेवढे अंतर चालायला सांगितले. मैदान मोकळे होते, वाटेत काही नव्हते, हे त्याला ठाऊक होते. तरी दहाव्या पावलाला त्याने डोळे उघडलेच.

पालकहो, हा लेख खरे तर तुमच्यासाठी आहे. मोबाईलवर आलेला निरोप वाचायला "एक सेकंद" लागतो असे आपण म्हणतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने मालट्रकांत कॅमेरे बसवून चालकांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. संदेश टाइप करणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांच्या अवधीत सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती, आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात घडण्याची शक्यता एरवीच्या २३ पट झाली होती. खानापूर रोडवर ताशी ६० ने जाणाऱ्या गाडीला हेच ४.६ सेकंद लावून पाहा. ७५ मीटरहून अधिक अंतर होते. तेवढ्या अंतरात एखादा सायकलस्वार, दुभाजकावरून उतरणारी गाय, बसमधून उतरून बसच्या पुढून धावणारे मूल, काहीही येऊ शकते.

नजर हटली की धोका, हे कोणालाही पटते. "मी तर इअरफोन लावतो, हात हँडलवर आणि डोळे रस्त्यावर" असे म्हणणाऱ्यांना समजावणे अवघड जाते. त्यांच्यासाठी वर्गातला दुसरा प्रयोग सांगतो. तो घरीही करता येईल. एकाने ३० सेंटिमीटरची फूटपट्टी उभी लटकवून धरायची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने पकडायची. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर ०.१७ सेकंद लागले, २० घसरली तर ०.२० सेकंद. आमची मुले साधारण या दरम्यान पकडत होती. मग पकडणाऱ्याला शंभरापासून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... आणि पट्टी सरळ जमिनीवर. डोळे पट्टीवरच होते, हातही मोकळा होता. मन मात्र बहात्तरात अडकले होते.

रस्त्यावर काम याहून कठीण असते. समोर काय आहे ते ओळखायचे, ब्रेक की वळण ते ठरवायचे आणि मग पाय हलवायचा, यात सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. ब्रेक लागण्याआधीच ताशी ४० ची गाडी ११ ते १६ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ते अंतर चौपट. आपल्याकडच्या पावसात रस्ता ओला असला की आणखी जास्त.

टोरांटोच्या दोन संशोधकांनी १९९७ साली ६९९ चालकांच्या दूरध्वनी-बिलांवरून हिशेब मांडला. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झालेला दिसला नाही. यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर यांनी पुढे बरीच वर्षे हाच विषय लावून धरला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बोलण्यात गुंतलेल्या चालकाचे डोळे वस्तूवर पडतात, पण ती वस्तू त्याला दिसतेच असे नाही. चेंडूचे पास मोजण्यात दंग असलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाचा वेष घातलेला माणूस दिसलाच नाही, हा १९९९ चा प्रयोग पुष्कळांना ठाऊक असेल. आपल्या रस्त्यावर गोरिला येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली मात्र हमखास येते.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणेही बंद करायचे का? तसे नाही. शेजारच्याला रस्ता दिसतो. वळण आले की तो आपोआप गप्प होतो, उलट "अहो, पुढे बैलगाडी!" असे ओरडतो. फोनवरच्या माणसाला बैलगाडी दिसत नाही आणि तो उत्तराची वाट पाहत असतो. गोव्याला जाताना चोर्ला घाटात मागून सतत सूचना देणाऱ्या आमच्या मंडळींबद्दल माझी जुनी तक्रार होती. ती मी आता मागे घेतली आहे.

सिग्नलला गाडी उभी आहे, तेवढ्यात पाहून घेऊ, हाही एक समज. स्ट्रेयर यांच्याच गटाने २०१५ साली दाखवले, की गाडीतल्या उपकरणाला तोंडी सूचना दिल्यानंतर मन पुरते रस्त्यावर परतायला काही वेळा २७ सेकंदांपर्यंत लागतात. हिरवा दिवा लागून आपण आरपीडी चौक ओलांडलेला असतो आणि मन अजून निरोपातच असते.

दुसऱ्यांना सांगतो तेव्हा स्वतःचेही सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर काँग्रेस रोडने घरी जात होतो. खिशातला फोन वाजला, डाव्या हाताने काढून नाव पाहिले, इतकेच. मान वर केली तेव्हा पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर आपल्याच शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकल धरून उभी होती. तिला काही झाले नाही. "सर, तुम्हांला लागलं का?" असे तिनेच विचारले. फोन घरून होता, येताना दूध आणा म्हणून.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चालवताना हातात फोन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जागेवर भरायची रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा वाहनमालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशी उलटेपर्यंत परवाना नाही. दहावीच्या क्लासला स्कूटर देणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सर्वाधिक दुचाकीवरची होती. आपल्या फाटकाशी येणारी बहुतेक मुले दुचाकीवरच येतात, कोणी पुढे उभे, कोणी मागे दप्तर घेऊन. हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खोचून येणारे पालकही रोज दिसतात.

मुलांनो, यात तुमचेही काम आहे. आई किंवा बाबा गाडी चालवत असतील तर फोन तुमच्याकडे मागून घ्या. मागे बसला असाल तर तुम्हीच उचला आणि "पोहोचल्यावर फोन करतो" एवढेच सांगा. घरी असाल तर बाबा निघाल्यावर वीस मिनिटे त्यांना फोन करू नका, दूध संपले असले तरी. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती आहे. बैठकीला उशीर झाला की "कुठवर आलात?" असा फोन आपण एकमेकांना करतो, तो बंद करू या.

माझा फोन त्या दिवसापासून स्कूटरच्या डिकीत असतो. चुन्याची रेघ पावसात पुसली जाईल, म्हणून टाकीजवळच्या भिंतीवर नववीच्या मुलांनी रंगाने खूण केली आहे: "५५ मीटर". शाळा सुटण्याची वाट पाहताना फाटकाशी उभे राहून तिकडे एकदा नजर टाकावी.