समुद्रास लोह घालण्याचा प्रयोग

दोना पावले येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातील आपल्या बहुतेक सभासदांनी जातायेता पाहिलेली आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे शास्त्रज्ञ २००९ साली जर्मन सहकाऱ्यांसह थेट दक्षिण महासागरात हिराकस ओतावयास गेले होते, ही हकीकत मात्र फार थोड्यांच्या कानी आली असेल.

हिराकस कशासाठी? कोळसा व तेल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र आपण होऊन पोटात घेतो. हा हिस्सा वाढविता येईल काय, असा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. समुद्राच्या वरच्या थरातील सूक्ष्म वनस्पती हा वायू शोषून वाढतात. त्या मरून खोल तळाकडे गेल्या म्हणजे त्यांतील कार्बन शतकानुशतके तेथेच राहतो. दक्षिण महासागरात नायट्रेट व फॉस्फेट विपुल आहे, पण लोह नाही, कारण जमीन दूर पडल्याने तिची धूळ तेथवर पुरेशी पोचत नाही. कोठीघर शिध्याने भरलेले आणि घरात मिठाचा खडा नाही, अशातला हा प्रकार! जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोहाच्या या उणिवेवर १९८० नंतरच्या दशकात बोट ठेवले.

मोहिमेचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातील 'लोह' आपल्याच घरचे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. 'पोलारस्टर्न' हे जहाज केपटाउनहून निघाल्यावर पर्यावरणवाद्यांनी ओरड केली आणि जर्मन सरकारने प्रयोग काही दिवस थांबविला. जाणत्यांची परवानगी घेऊन केलेला छोटा प्रयोग अडविणे आम्हांस रास्त वाटत नाही. परंतु समुद्र हा कोणा एकाच्या मालकीचा नव्हे, ही ओरडीमागील भावनाही खोटी म्हणता येणार नाही.

अखेर सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळून ३९ दिवस निरीक्षण झाले. पहिल्या दोन आठवड्यांत सूक्ष्म वनस्पती दुप्पट झाल्या. मग कोपेपॉड नावाच्या इवल्या कवचधारी जीवांनी त्यांचा फडशा पाडला व त्या जीवांना त्यांहून मोठ्यांनी खाल्ले. खाली फारच थोडा कार्बन गेला.

याच जहाजावरून २००४ साली झालेल्या प्रयोगात निराळे घडले होते. तेव्हा काचेसारखे कवच असलेल्या डायाटम वनस्पतींचा बहर आला आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग १००० मीटरच्या खाली गेला. डायाटमना कवचासाठी सिलिसिक आम्ल लागते. २००९ च्या जागी ते आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवून टाकले होते. म्हणजे लोह तेच, महासागर तोच; पण जागेपरत्वे फळ वेगळे. तेव्हा अमुक टन लोह टाकल्यास अमुक टन कार्बन तळाशी जाईल, असा सरसकट हिशेब मांडून कोणी पैसे मागू लागल्यास, प्रथम त्यास तेथील पाण्यात सिलिसिक आम्ल किती आहे हे विचारावे.